वजनाची वाट

न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरच्या मागे गाडी थांबली की समोर वाचायला एक पाटी असते. कंटेनरच्या दारावर, खालच्या बाजूला, रिव्हेट मारून बसवलेली धातूची छोटी पाटी. डबा कोणत्या साली बांधला, भरल्यावर एकूण किती वजनाचा चालेल आणि त्याच्यावर आणखी किती वजन रचता येईल, हे सगळं तिच्यावर कोरलेलं असतं. रचण्याचा हा आकडा पुष्कळ डब्यांवर १,९२,००० किलो असतो. म्हणजे १९२ टन. आता याच डब्याचं छप्पर घ्या. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्याची परीक्षा होते ती ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटरच्या जागेवर ३०० किलो ठेवून. दोन-तीन माणसांनी वर चढून काम करावं, एवढीच छपराकडून अपेक्षा, कारण ते जेमतेम दोन मिलिमीटरच्या पत्र्याचं असतं. १९२ टन पेलतात ते चार कोपऱ्यांतले चार खांब. वरच्या डब्याचे कोपरे खालच्या डब्याच्या कोपऱ्यांवर टेकतात, वजन खांबाखांबांतून उतरत जमिनीला जातं आणि मधल्या पत्र्याला त्याची झळही लागत नाही.

वजन कोणत्या वाटेने खाली उतरतं, हे पाहण्याची सवय या बंदराच्या आसपास वावरणाऱ्या माणसाला आपोआप लागते. मला ती लागली, आणि मग गाडीच्या टपावरचं कॅरिअर ही वस्तू मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. दुकानात कॅरिअर विकलं जातं ते दिसण्यावर: काळा रंग, पुढे दिव्यांची पट्टी, चारी बाजूंनी उंच कठडा. पण कयाक न्यायची असेल, म्हणजे वीस-पंचवीस किलोची तीन मीटर लांब होडी डोक्यावर घेऊन वाऱ्यात पळायचं असेल, तर कॅरिअर पाहायचं ते एका प्रश्नावर. होडीचं वजन आणि तिच्यावर बसणारा वाऱ्याचा जोर गाडीच्या हाडापर्यंत कोणत्या वाटेने पोचतो? ज्या कॅरिअरमध्ये ही वाट सरळ, आखूड आणि डोळ्यांना दिसणारी असते, ते चांगलं. त्याचं सौंदर्यही तिथेच आहे.

कयाक न्हावा शेव्यातच पाण्यात का घालू नये, हा प्रश्न रास्त आहे. समोर घारापुरी दिसते, पाणी हाकेच्या अंतरावर. पण २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं तेव्हापासून हे पाणी मोठ्या जहाजांचं आहे. जहाजाच्या वाटेत वल्हं मारणारा माणूस वरून कुणाला दिसतही नाही. शिवाय भरती-ओहोटीचा फरक मोठा, आणि ओहोटीला काठावर गुडघाभर चिखल. म्हणून उलव्याचा, द्रोणागिरीचा, उरणचा हौशी माणूस होडी टपावर टाकतो आणि पेण-वडखळच्या वाटेने अलिबागला, रेवदंड्याजवळ कुंडलिकेच्या खाडीत किंवा आणखी खाली मुरुडकडे राजपुरीच्या खाडीत जातो. मुंबईकडून येणारे अटल सेतूवरून येतात. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला हा पूल २१.८ किलोमीटरचा, त्यातला सुमारे १६.५ किलोमीटरचा भाग समुद्रावर, आणि मोटारींना ताशी १०० किलोमीटरपर्यंतची मुभा. कयाकचा पहिला प्रवास पाण्यातला नसून वाऱ्यातला असतो, आणि तो कॅरिअरच्या भरवशावर होतो.

या वस्तूचा आपल्याकडचा अभिजात नमुना म्हणजे पद्मिनी टॅक्सीवरचं कॅरिअर. मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि टॅक्सीला असलेली वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जात रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सीच्या टपावर लोखंडी कांबींचं साधं कॅरिअर असे. गादीच्या वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका, दोन्हीकडून दोरीने आवळलेलं कपाट, सगळं त्यावरून दादरला किंवा व्हीटीला गेलं. त्या कॅरिअरचे पाय टपाच्या मधोमध कधी नव्हते. ते टपाच्या कडेला, दारांच्या वरून धावणाऱ्या पन्हळीत रोवलेले असत, आणि कांबी टपाच्या पत्र्यापासून चार बोटं वर तरंगत. कितीही ओझं चढवलं तरी टपाला पोचा येत नसे. हे कॅरिअर घडवणाऱ्यांनी कंटेनरचं मानक वाचलं नव्हतं, पण त्यांना तेच कळलेलं होतं.

ती पन्हळ जवळून पाहण्यासारखी आहे. पावसाचं पाणी दारात उतरू नये म्हणून ती असते, असं आपण समजतो आणि ते खरंच आहे. पण तिची ताकद पावसामुळे आलेली नाही. टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे भेटतात तिथे दोन्हींच्या कडा एकावर एक दुमडून वेल्डिंगच्या ठिपक्यांनी जोडतात. पत्र्याचे थर एकत्र आले, त्यातच घडीचा कोन आला, आणि त्या घडीखाली लगेच दारांमधले खांब. सगळ्या टपावर सर्वांत खंबीर रेघ हीच. नव्या मोटारींतून पन्हळ जवळजवळ नाहीशी झाली, कारण टप गुळगुळीत दिसावा आणि वारा सुळकन निघून जावा, ही आजची आवड आहे. ७ जून २०२३ रोजी बाजारात आलेल्या पाच दारांच्या मारुती जिम्नीने मात्र ती उघडपणे ठेवली आहे. कयाकवाल्याने जिम्नीकडे पाहावं ते आधी त्या कडेकडे. तिथे कॅरिअरचा पाय कुठे ठेवायचा, हे गाडी स्वतःच सांगते.

२ ऑक्टोबर २०२० रोजी आलेल्या तीन दारांच्या महिंद्रा थारचं हार्डटॉप वेगळ्या स्वभावाचं आहे. ते फायबरच्या जातीचं टोपर, पोलादी अंगावर बोल्टने बसवलेलं. आत पोलादी पिंजरा आहे, तो गाडी उलटली तर माणसांना वाचवण्यासाठी. पण बाहेरचं टोपर आणि आतला पिंजरा यांच्यात वजनाची वाट आपोआप तयार होत नाही. टोपरावर पाय ठेवलेलं कॅरिअर दिसायला तितकंच भक्कम दिसेल. वजन मात्र आधी फायबरवर येईल, तिथून टोपराच्या बोल्टांवर, आणि मग कुठे अंगावर. उभ्या गाडीत हे खपून जातं. वडखळच्या पुढे खड्ड्यात चाक गेलं की पंचवीस किलोची होडी क्षणभर त्याच्या कितीतरी पट जोराने खाली बसते आणि पुढच्या क्षणी वर उसळते. फायबर एका फटक्याने क्वचित तुटतं. ते भोकांच्या भोवती केसासारख्या बारीक चिरांनी थकत जातं, आणि त्या चिरा पावसाळ्यात गळतीच्या रूपाने कळतात. अशा टपासाठी ज्या कॅरिअरचे पाय काचेच्या चौकटीजवळ आणि मागच्या पोलादी अंगावर उतरतात, ते घ्यावं. त्याचे लांब पाय सुरुवातीला बोजड वाटतात. वजनाची वाट कळली की तेच पाय देखणे दिसायला लागतात, कारण प्रत्येक पाय आपण कशावर उभे आहोत हे लपवत नाही. २०२४ च्या पाच दारी थार रॉक्सचं छप्पर धातूचं आहे, तेव्हा नावाच्या सारखेपणावर जाऊन एकीचं कॅरिअर दुसरीसाठी विचारू नये.

हे ठरलं की कॅरिअरचा एक पाय हातात घेऊन पाहावा. पन्हळीच्या पायाला खाली एक आकडा असतो, तो पन्हळीच्या खालून वर येतो. वरून एक टेकू पन्हळीत बसतो. दोघांच्या मध्ये बोल्ट, आणि बोल्ट पिळला की पन्हळ दोघांच्या चिमटीत येते. चांगल्या पायाचा आकडा रुंद असतो, चार-पाच सेंटिमीटर तरी. अरुंद आकडा पन्हळीला एकाच जागी चावतो आणि तिचा ओठ वाकवतो. आकड्याच्या आत रबराचं अस्तर असतं. ते रंग वाचवतं आणि धातूवर धातू घासून होणारी कुरकुर थांबवतं. पाय शक्य तितका खांबाच्या वर यावा, दाराच्या अधांतरी भागावर येऊ नये. चारही बोल्ट एकदम न आवळता थोडे थोडे, आळीपाळीने आवळावेत, म्हणजे दांडी एका अंगाला खेचली जात नाही. आणि पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर गाडी बाजूला घेऊन पाना पुन्हा लावावा, कारण नवं रबर दबतं आणि बोल्ट ढिला झाल्यासारखा होतो. पेणला चहासाठी थांबायचंच असतं, ते यासाठी उत्तम ठिकाण.

पन्हळ नसलेल्या गाड्यांसाठी प्रत्येक टपाच्या आकाराला बेतलेले पाय मिळतात. या धंद्यातलं मोठं नाव म्हणजे स्वीडनची थुले. एरिक थुलिन यांनी १९४२ मध्ये ती सुरू केली तेव्हा ती कोळ्यांसाठी पाइक माशाचे सापळे बनवत असे. टपावरची कॅरिअरं नंतर आली. होडीच्या कॅरिअरच्या घराण्याची सुरुवात मासेमारांच्या सोयीतून झाली, हे आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला मनापासून आवडण्यासारखं आहे.

पायांवर आडव्या दांड्या येतात, आणि इथे सगळ्यात महत्त्वाचं माप दांडीचं नसून दोन दांड्यांमधल्या अंतराचं आहे. तीन मीटरची होडी दोन दांड्यांवर बरोबर मधोमध ठेवली, तर तिचं नाक मध्यापासून दीड मीटर पुढे असतं. पुलावर आडवा वारा आला आणि नाकावर दहा किलोचा जोर बसला असं धरू. दांड्या ८० सेंटिमीटर अंतरावर असतील, तर पुढच्या दांडीवर त्या दहा किलोंचे जवळजवळ चोवीस किलो होतात. दांड्या १२० सेंटिमीटरवर नेल्या तर साडेसतरा. होडी तीच, वारा तोच, पट्टे तेच. नुसतं अंतर वाढवल्याने दांडीवरचा भार एवढा उतरतो. म्हणून आखूड टपावर दांड्या जितक्या लांब-लांब बसतील तितक्या बसवाव्यात, फक्त दोन्ही खांबांच्या आधारावर राहिल्या पाहिजेत. दक्षिण कोकणातल्या उलांडीच्या, म्हणजे बाजूला तोलाचा ओंडका जोडलेल्या, होड्यांत हीच अक्कल शतकानुशतकं वापरात आहे. होडीपासून उलांडीपर्यंत जाणाऱ्या दोन आडव्या काठ्या एकमेकींपासून ऐसपैस अंतरावर असतात आणि दोरीने आवळून बांधलेल्या असतात. जवळ-जवळ बांधलेल्या दोन काठ्यांनी उलांडी लाटेत पिळली गेली असती.

दांडीचा छेद कसा असावा, यावर दुकानदार बराच वेळ बोलतो. गोल दांडी हाताला छान, पण तिच्यावर बसवलेली बैठक फिरू शकते. चौकोनी दांडीवर काही फिरत नाही, पण ती वाऱ्यात शीळ घालते. पंखाच्या आकाराची ॲल्युमिनियमची दांडी, जाड कड पुढे आणि निमुळती मागे, शांत असते, आणि तिच्या वरच्या अंगाला एक खाच असते, जिच्यात बैठकीचा बोल्ट सरकवून हवा तिथे आवळता येतो. मी त्या खाचेसाठी ही दांडी पसंत करतो. वारा हा किरकोळ विषय नाही: वेग ६० वरून १०० वर नेला की वाऱ्याचा जोर पावणेतीन पटींहून जास्त होतो. पण शांततेपेक्षा बैठक पक्की बसणं मोठं, आणि खाच तेच देते.

बैठक हा कॅरिअरचा आत्मा. बंदरात कंटेनर ट्रेलरवर कसा बसतो ते एकदा पाहावं. ट्रेलरच्या कोपऱ्यावर शंकूसारखा एक खुंट असतो. डबा खाली येतो, त्याच्या कोपऱ्यातलं लांबट भोक खुंटावर उतरतं, आणि मग खुंटाचं डोकं ९० अंशात फिरवलं की कुलूप लागतं. हे ट्विस्टलॉक. ज्या काळात माल्कम मॅक्लीन यांचं 'आयडियल एक्स' जहाज ५८ डबे घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं, २६ एप्रिल १९५६, त्याच काळात कीथ टँटलिंगर या इंजिनीअरने कोपऱ्यांच्या कुलपाची ही कल्पना घडवली. तिची खुबी अशी की डबा आवळलेला नसतो. तो आकाराने बसलेला असतो. खुंट भोकात असल्याने डबा पुढे-मागे, डावी-उजवीकडे जाऊच शकत नाही. कुलपाला फक्त वर उचललं जाणं थांबवायचं असतं. आधी बैठक, मग बांधणी. उलट क्रमाने केलेली प्रत्येक बांधणी ताकदीवर चालते, आणि ताकद प्रवासात ढिली पडते.

कयाकलाही हाच नियम. बाजारातल्या बहुतेक कयाक पॉलिइथिलीनच्या, साच्यात फिरवून घडवलेल्या. खडकाला आपटून तुटत नाहीत, पण रायगडच्या एप्रिलमधल्या उन्हात मऊ पडतात. सपाट दांडीवर तळ टेकवून ठेवली आणि वरून करकचून आवळली, की दुपारपर्यंत तळाला दांडीच्या रुंदीचा खड्डा पडतो. पुढे तीच होडी पाण्यात सरळ जात नाही. म्हणून होडीच्या तळाच्या आकाराच्या बैठका हव्यात: रुंद, मऊ, थोड्या वळणाऱ्या, म्हणजे तळाचा बाक त्यांच्यात उतरतो आणि वजन तळहाताएवढ्या जागेवर पसरतं. बैठका होडीच्या पोटाच्या मधोमध नकोत, जिथे आतून भिंत किंवा घडी आहे तिथे हव्यात. होडीलाही स्वतःचे खांब असतात, ते शोधावे लागतात. बोटाने तळ दाबत गेलं की कळतं: काही जागा दबतात, काही दबत नाहीत. दबत नाही तिथे बैठक.

होडी कुशीवर उभी करून न्यायची इंग्रजी 'जे' अक्षराच्या वळणाची बैठकही मिळते. प्लास्टिकची होडी कुशीवर सर्वांत ताठ असते, त्यामुळे उन्हात ती कमी बिघडते. एका टपावर दोन होड्याही मावतात. पण कुशीवरची होडी आडव्या वाऱ्याला उंच भिंत देते, आणि थारसारख्या उंच गाडीवर एकट्याने तिला तिथे चढवणं खांद्याची परीक्षा पाहतं. अटल सेतूवरून नेहमी येणाऱ्याला मी सपाट बैठकच सुचवेन. एकट्या माणसासाठी तिचा आणखी एक गुण आहे: होडी मागून चढवता येते. जिम्नी आणि थार दोन्हींच्या मागच्या दारावर जादा चाक असतं. त्या चाकावर जुनी रबरी चटई टाकायची, होडीचं नाक चटईवरून मागच्या बैठकीवर टेकवायचं, आणि मग शेपूट उचलून पुढे ढकलायची. एका वेळी अर्धंच वजन हातात असतं. ओहोटी लागायच्या आत पाणी सोडून आलेल्या दमलेल्या माणसाला हा अर्धा भार फार मोलाचा.

बैठक नीट असेल तर बांधणी सोपी होते. प्रत्येक दांडीला एक, असे दोन पट्टे. पट्टा दांडीच्या खालून घ्यावा, होडीवरून पलीकडे टाकावा, तिथे त्याच दांडीच्या बुडाखालून काढून परत आणावा आणि बक्कलात ओढावा. पट्टा पॉलिएस्टरचा हवा, कारण नायलॉन ओला झाला की ताणतो, आणि परतीच्या वाटेवर तो ओला असतोच. बक्कल दाताच्या चापाचं हवं, हाताने ओढून बसणारं. ट्रकवाले वापरतात ते रॅचेट लोखंडासाठी आणि लाकडासाठी उत्तम. होडीसाठी ते नको, कारण त्याच्या दांडक्याने माणसाला कळायच्या आत तिच्या अंगाची घडी मोडते. पट्ट्याला होडीवरून नेताना एक पीळ द्यावा. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरून गाडीभर घुमतो, पीळ दिलेला गप्प राहतो.

मग टोकांचे दोर. नाकाला एक, शेपटीला एक, शक्यतो दोन्ही बाजूंना उतरणारे, उलट्या 'व्ही'च्या आकाराचे, गाडी ओढण्यासाठी दिलेल्या पक्क्या कड्यांत अडकवलेले. पुष्कळजण ते गाळतात, कारण पट्टे घट्ट असतात आणि होडी हलत नाही. पण पट्टे रोजच्या प्रवासासाठी आहेत. दोर आहेत ते कचकन लागलेल्या ब्रेकसाठी आणि समोरून आलेल्या ट्रेलरच्या झोतासाठी. पट्टा सुटला किंवा दांडीचा पाय निखळला, तरी होडी मागच्या मोटारसायकलवर जाऊ नये, यासाठी ते आहेत. ते फक्त ताठ असावेत. नाक खाली खेचेपर्यंत आवळले तर दोन दांड्यांवर होडी धनुष्यासारखी वाकते आणि तशीच राहते. जहाजाच्या डेकवर रचलेल्या कंटेनरांना कुलपांशिवाय आडवेतिडवे लोखंडी गजही लावतात. तिथला खलाशी कुलपावर विश्वास ठेवतो, तरी गज लावतो. दुसऱ्यांच्या जिवाची काळजी घेणारी माणसं असंच काम करतात, आणि मला या दोन दोरांत कॅरिअरची नीती दिसते.

किनाऱ्याचं मीठ या सगळ्याचा कसून समाचार घेतं. तयार ॲल्युमिनियमच्या दांड्या हलक्या आणि न गंजणाऱ्या, पण त्यांच्यात स्टेनलेसचा बोल्ट थेट घातला आणि खारं पाणी मिळालं की दोन धातूंच्या झुंजीत ॲल्युमिनियम पांढऱ्या पिठासारखं झडतं. मध्ये नायलॉनचा वायसर आणि थोडं ग्रीस एवढ्याने हे टळतं. उरण-पनवेलच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी कॅरिअर करून घेणंही वाईट नाही. ट्रेलरच्या दुरुस्तीवर हात बसलेले हे कारागीर वजनाची वाट जाणतात. त्यांना रेखाटन दाखवावं लागत नाही, गाडी दाखवली की पुरतं. चौकोनी नळीची तोंडं बंद आहेत का, खाली पाणी निघायला बारीक भोक आहे का, वेल्डिंगची रेघ अखंड आणि एकसारखी आहे का, आणि रंगाआधी जस्ताचा थर दिलाय का, एवढं पाहावं. फक्त लोखंड जड असतं. समजा, गाडीच्या पुस्तिकेत टपावर ५० किलोंची मुभा आहे आणि कॅरिअरच ३० किलोंचं झालं, तर उरले २०. होडी एकटीच त्याहून भारी. ती मुभा चालत्या गाडीची असते आणि तिच्यात कॅरिअरचं वजन धरलेलं असतं, हे खरेदीच्या वेळी बहुधा कुणी सांगत नाही.

याच हिशेबात उंच कठड्याचं, टोपलीसारखं कॅरिअर मागे पडतं. सामानासाठी ते बरं. होडी मात्र त्याच्या कठड्यावर टेकते, म्हणजे पातळ नळीच्या दोन कडांवर, आणि तिथून तिचं वजन वाकड्या वाटेने पायांकडे जातं. सपाट फळीचं मोठं कॅरिअर रानावनात फिरणाऱ्याला योग्य, पण होडीला त्याच्या निम्म्या फळ्यांचा उपयोग नाही. होडीची लांबीही कॅरिअरइतकीच विचारात घ्यावी. जिम्नी आणि तीन दारांची थार, दोन्ही ३,९८५ मिलिमीटर लांब. तीन मीटरची होडी त्या लांबीत मावते. साडेचार मीटरची समुद्री कयाक पुढे-मागे बाहेर डोकावते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मर्यादेबाहेर गेलेल्या मालाला २०,००० रुपयांचा दंड आहे. दंडापेक्षाही, चारही बाजूंनी ट्रेलर असलेल्या या रस्त्यावर लांब नाक घेऊन वळणं ही दुसऱ्याच्या वाट्याला जोखीम देणं आहे.

तेव्हा निवड अशी. पन्हळीची गाडी असेल तर खांबांवर रोवलेले चार रुंद पाय, शक्य तितक्या अंतरावरच्या दोन खाचेच्या दांड्या, चार सपाट मऊ बैठका, दोन पट्टे, दोन दोर. याहून एक नळी जास्त नको. फायबरचं हार्डटॉप असेल तर पोलादापर्यंत उतरणाऱ्या पायांचं कॅरिअर, आणि ते मिळत नसेल तर हवा भरायची कयाक डिकीत घालून जावं; टपाला जे जमत नाही ते त्याच्याकडून करवून घेऊ नये. आणि निघण्यापूर्वी एक कसोटी, जी कयाकवाले जगभर लावतात. होडीचं नाक दोन्ही हातांनी धरून जोरात हलवायचं. होडी दांडीवर हलली तर बैठक चुकली, दांडी पायावर हलली तर आवळणं राहिलं, टोपर अंगावर हललं तर कॅरिअरच चुकलं. मधलं काहीही न हलता सगळी गाडी आपल्या चाकांवर, स्प्रिंगांवर डोलली, म्हणजे वजनाची वाट वरपासून खालपर्यंत मोकळी आहे, आणि त्या कॅरिअरची निवड बरोबर झाली आहे.